रमाकांतचं तूप

राज्यांची पुनर्रचना झाली आणि ग्वाल्हेरच्या कचेऱ्या एकेक करून भोपाळला निघाल्या. आता पाळी रमाकांतच्या प्रयोगशाळेची होती. हायड्रोजन आणि निकेलच्या भुकटीनं तेलाचं हुबेहूब तूप करण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. तपासणीला आलेल्या साहेबांना त्यानं घरीच जेवायला बोलावलं आणि आपल्या या तुपाचा डबा आईच्या हाती दिला.

"अरे, अतिथी म्हणजे देव रे," आई पुटपुटली, पण तिनं डबा घेतला.

साहेबांनी पुरणपोळीवर तीनदा तूप मागून घेतलं. "वाह, बिल्कुल असली घी! लॅब यहीं रहेगी. हर महीने दो डिब्बे भोपाल भेजिए."

रमाकांत आईच्या पाया पडला.


"यशस्वी हो," आई हळूच म्हणाली, "पण बाबा, आता आपल्याला आणखी एक म्हैस घ्यावी लागेल."