मधला तुकडा

सर्वेश कामावर गेला की मुलुंडच्या त्या घरात दालचिनीचा वास सुटायचा. अनुपमा सफरचंदाचा गोड पाव भाजायची आणि सासूबाई एकेक तुकडा तोडून चवीने खायच्या.

पुढे त्यांच्या पायाची जखम चिघळली आणि डॉक्टरांना पाय कापावा लागला. सर्वेश बायकोवर भडकला, "एवढा मधुमेह असताना आईला गोड कोण देतं?"

"तिला बोलू नकोस रे. मीच चोरून खाते," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अनुपमाने गरम पाव त्यांच्या उशाशी आणला. त्यांचे डोळे भरून आले. "तुझे वडील गेले तेव्हा मी तुला माहेरी जाऊ दिलं नाही. तरी तू राग धरला नाहीस गं."

"बारा वर्षं झाली त्याला, आई," अनुपमा म्हणाली आणि सगळ्यात गोड असलेला मधला तुकडा तिने त्यांना भरवला.