कवा येशील?

कुंदनच्या फेसबुकवर सकाळी फोटो पडला. टोरंटोच्या बर्फात हसणारा कुंदन. अर्ध्या गव्हाण गावाने तो लाइक केला. खाली आईने लिहिलं होतं, "मिस यू बाळा. कवा येशील?"

कुंदनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो जुना होता. तो काढला त्या आठवड्यात कुंदन रोज रडत होता. आणि आज तो टाकला होता वडिलांनी, आबांनी, त्याचाच पासवर्ड वापरून.

भिंतीपलीकडे आबा तोच फोटो रोशनीला बघायला आलेल्या पाहुण्यांना दाखवत होते. "हा रोशनीचा भाऊ. तिकडंच शिकतो. सुट्टीच भेटत नाय त्याला."

कुंदनने आईच्या कमेंटखाली लिहिलं, "मी कवाच आलोय, आई. पाहुण्यांचा चहा झाला असेल तर माझ्या खोलीची बाहेरची कडी काढ."