गॅसविना दहीभात

मे महिन्यात आमच्या विरारच्या सोसायटीने खास नवऱ्यांसाठी स्पर्धा ठेवली: गॅस न पेटवता उन्हाळी जेवण. भावेशने घरून आणलेले डबे उघडले, भातात दही कालवलं, वर वाटीतली फोडणी ओतली, कैरीच्या गरात गूळ-पाणी ढवळून पन्हं केलं आणि सगळ्यांच्या आधी हात पुसून माइक घेतला.

"बायका उन्हाळ्यात उगाच गॅसपुढे घामाघूम होतात. थोडं डोकं लावलं की झालं! आज नेत्राला मी स्वयंपाकघरातून पूर्ण सुट्टी दिलीय."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात बाकीच्या नवऱ्यांच्या. त्यांचेही डबे घरूनच आले होते.

परीक्षक मनोरमाकाकूंनी दहीभात चाखला. "छान झालाय रे. पण भात कुठून आणलास?"

"भात?" भावेश गोंधळला. "भात काय काकू, घरात असतोच की!"

"आणि फोडणी? कैरीचा उकडलेला गर?"

"तेही असतं."

काकूंनी चमचा खाली ठेवला आणि शेवटच्या रांगेत भाजलेल्या बोटावर फुंकर घालत बसलेल्या त्याच्या बायकोकडे पाहिलं.

"नेत्रा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा भात छान मऊ शिजवलास हो!"