परिक्षण

निवृत्त झाल्यावर बाई लहान मुलांसाठी चित्रांच्या गोष्टी करू लागल्या आणि फोनवरच्या एका लेखकांच्या ग्रुपवर टाकू लागल्या. तिथे सगळे टोपणनावाने वावरायचे, कोण कोणाला ओळखत नव्हतं. त्यातला ‘तिखटमीठ’ नावाचा एक जण मात्र हात धुऊन बाईंच्या मागे लागला होता. आजही ‘परिक्षण’ असा मथळा देऊन त्याने तीन परिच्छेद झोडपलं होतं : “पान चारवर हत्तीची छत्री लाल, पान सहावर निळी! लेखिकाबाई डोळे मिटून रंगवतात का?”

“अहो बाई, एवढा पाणउतारा कशाला सहन करता?” शेजारीण म्हणाली. “आणि जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्यात तुम्ही. साधा छत्रीचा रंग चुकतो कसा?”

“चुकत नाही, मीच चुकवते. गोष्ट बिनचूक असली की तो नुसतं अंगठ्याचं चित्र टाकतो.”

शेजारणीने फोन जवळ ओढला. “मग त्याची चूक तरी त्याच्या पदरात घाला! मोठा आलाय शहाणा, ‘परीक्षण’मधली री पहिली काढलीय.”

बाईंनी त्या शब्दावर अलगद बोट ठेवलं.



“चौथीत ‘परीक्षा’ शंभरदा लिहून घेतली, तरी माझा लेक री पहिलीच काढतो,” त्या म्हणाल्या. “मी फोन केला की ‘कामात आहे गं, आई’च्या पुढे जात नाही, इथे तीन-तीन परिच्छेद बोलतो.”