पंखा कुणाचं ऐकतो

घरात काही बिघडलं की श्रीहर्षचं बोट आधी सासूच्या, त्रिपुरसुंदरीच्या, सोवळ्याकडे. दूध नासलं तरी तेच. आता त्याच्या बायकोचा, कीर्तीचा, संगणक भर दुपारी आपोआप बंद पडायला लागला, तिरुभुवनच्या विणकरांसाठी ती पडद्यावर काढते ते रेशमी साड्यांचे काठ अर्धेच राहायला लागले, तर त्याचंही खापर त्रिपुरसुंदरीच्या ओल्या लुगड्यांवर.

संगणकाच्या वर, छताला, सोवळ्याची दांडी टांगलेली असायची. तिच्यावरच्या लुगड्यांची ओल यंत्रात शिरते, असं जावयानं ठरवलं आणि पारोशा हातानं दांडी उतरवून परसात नेऊन टाकली. शिवाय गोविंदपुरम्‌च्या मठात, भजन आटोपल्यावर, चार नातेवाइकांत हसत हसत सांगितलं. त्रिपुरसुंदरी प्रसादाचा द्रोण धरून तिथंच उभी होती. जावयाचे आईवडील तंजावरहून जेवायला यायचे होते, त्या दिवसाची तिनं वाट पाहिली.

तो दिवस आज. पानं उठली, व्याही-विहीण त्याच संगणकाच्या खोलीत तबक पुढं घेऊन विडा लावत बसले, आणि दारात कविता उभी राहिली. महामहम तळ्याजवळच्या दुकानात ही मुलगी संगणक दुरुस्त करते. त्रिपुरसुंदरीनंच तिला ही वेळ दिली होती. श्रीहर्ष म्हणाला, आज कशाला, पाहुणे आहेत. सासू म्हणाली, पाहुणे आहेत म्हणूनच.

कवितानं यंत्राचं झाकण काढलं. आत ओल नव्हती, गंज नव्हता, कोरडी धूळ होती. मग कीर्तीला मोठी नक्षी उघडायला लावून तिनं पडद्यावर आकडे आणले आणि तमिळमध्ये सांगू लागली. त्रिपुरसुंदरी एकेक वाक्य विहिणीला, वेंकटलक्ष्मीला, मराठीत सांगत गेली, जसं काही तिनं जन्मात तमिळ ऐकलं नव्हतं.

आत ताप मोजणाऱ्या जागा बऱ्याच असतात. त्या आपापला आकडा बोर्डावरच्या एका चिपला कळवतात. चिप पंख्याला हुकूम देते, आणि पंखाही आपण किती फिरतोय ते उलट कळवतो. पण हुकूम कुठल्या आकड्यावरून द्यायचा, ते माणसानं नेमून द्यायचं. इथं मुख्य प्रोसेसर पंचाण्णव अंश सांगतोय. पंखा मात्र बोर्डाच्या थंड कोपऱ्याशी बांधलाय, तिथं अडतीस. म्हणून तो जेमतेम फिरतो, आणि यंत्र जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतं.

"म्हणजे चूल भडकलीय स्वयंपाकघरात, आणि हे विहिरीला विचारतायत, ऊन लागतंय का," त्रिपुरसुंदरी विहिणीला म्हणाली. हे कविता म्हणाली नव्हती.

मग तिनं कविताला विचारलं, ओलीनं हे असं बदलतं का? कविता हसली. ओलीला बोटं असतात का, अम्मा? कुणीतरी इथं बसून निवडलंय.

व्याह्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"पंख्याच्या आवाजात ऑफिसचे फोन ऐकू येत नव्हते," श्रीहर्ष म्हणाला. सकाळी याच खोलीत, याच मेजाशी तो फोन घ्यायचा.

वेंकटलक्ष्मीनं हातातलं पान तबकात परत ठेवलं. "दांडी उतरवलीस तेव्हा हे तुला ठाऊक होतं?"

कीर्ती नवऱ्याकडे बघत राहिली. यंत्र तापतंय, असं ती त्याला रोज सांगत आली होती.

कवितानं पंखा प्रोसेसरच्या आकड्याशी जोडला. तो असा गरजला की विहिणीचा हात कानाकडे गेला. श्रीहर्ष उठला, आत्ताच दांडी आणून टांगतो म्हणाला.

"पुरे आता, आई," कीर्ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. आईनं ते पाहिलं, आणि तरी थांबली नाही.

"दांडीला हात लावू नका, जावईबापू. ती मी धुऊन घेईन. तुम्ही तुमची खुर्ची उचला. उद्यापासून फोन बाहेर ओट्यावर घ्यायचे, बसगाड्यांच्या आवाजात. ही खोली कीर्तीची. इथं पंखा ओरडेल तितका ओरडेल, आणि त्याचं तोंड दाबायला कुणी आत यायचं नाही."