साधनेची खोली

हवेली लोकांना पाहायला खुली होऊन महिनाही झाला नव्हता, पण अभयकुमारांचं भाषण तोंडपाठ झालं होतं. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत आले की ते डोळे मिटत. "आमच्या थोरल्या आजी, धनकुंवरबाई. एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं आणि त्यांचं संसारातून मनच उडालं. मरेपर्यंत याच खोलीत साधना केली. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून!"

नरडाण्याहून आलेल्या म्हाताऱ्या द्रौपदाबाईंनी हात जोडले. "धन्य शे माय ती!"

दाराशी उभ्या असलेल्या चेलनाच्या अंगाचा तिळपापड झाला. कालच तिनं भावाला विनवलं होतं, "भाईजी, खरं सांगवत नसेल तर या खोलीत निदान गप्प तरी राहा." त्यावर, घरची अब्रू वेशीवर टांगतेस का, म्हणून त्यांनी तिलाच झापलं होतं.

"चला, आता वरचा सज्जा बघू," ती गोड आवाजात म्हणाली. सगळे बाहेर पडले. अभयकुमार आजीच्या तसबिरीचा हार सारखा करत मागे रेंगाळले. चेलनानं दार ओढलं आणि कडी घातली.

आतून धडाधड थापा पडू लागल्या. "चेलना! कडी काढ! जीव गुदमरतोय माझा!"

द्रौपदाबाई दाराकडे बघतच राहिल्या. "अवं माय, कडी तं बाहेरून शे!"

"पहिल्यापासून बाहेरूनच आहे," चेलना म्हणाली. "चला तुम्ही. भाईजी साधनेला बसलेत."