टेपवर नसलेलं उत्तर

मिस हॅलोरन शिकागोच्या एका समुपदेशन केंद्रात टायपिस्ट होती. कानाला हेडफोन लावायचा आणि टेपवर डॉक्टर आणि समोरचा माणूस जे बोलले, ते शब्दन् शब्द उतरवायचं. अकरा वर्षं हेच.

आज डॉक्टर व्हिटकॉम कागद नाचवतच आले. "अहो मिस हॅलोरन, डुलकी लागली होती की काय? मी म्हणतो, 'घरी वाट बघणारं कुणीच नाही, असं वाटतंय तुम्हाला.' त्यावर टेपवर समोरचा माणूस चक्क गप्प आहे. मग हे उत्तर कुठून आलं?"

तिने वाचलं. 'हो डॉक्टर. म्हणून तर संध्याकाळी घरी जावंसंच वाटत नाही.'

तिने मान खाली घातली. "चुकून टाइप झालं."

"खोडा ते. तिथे 'शांतता' एवढंच लिहा," म्हणत डॉक्टर पुढच्या माणसाचं मन लावून ऐकायला निघून गेले.